शिकारीचा सरंजाम

२०२० सालच्या डिसेंबरातील गोष्ट. आमच्या वाडीच्या मारुतीसमोर रात्री आठ वाजता माणसे जमली होती. थंडी कडाक्याची होती. पण शेकोटी पेटवून तिच्याभोवती निवांत गप्पा माराव्यात, असे ते दिवस नव्हते. करमाळे तालुक्यात बिबट्या आला होता आणि त्याने माणसे मारली होती. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यावयास जायचे कसे, तोडीला आलेल्या टोळ्यांच्या खोपी कोणी राखायच्या, आणि जायचेच झाले तर हाती काय घेऊन जायचे, यासाठी ती बैठक होती. गावात लिहिण्याचे काम निघाले की ते मास्तराकडे येते. मी शाळेच्या वहीचे एक पान फाडले, मधोमध रेघ मारली आणि डावीकडे ‘वस्तू’ व उजवीकडे ‘कोठून आणावयाची’ असे दोन मथळे घातले.

यादी भराभर वाढू लागली. मोठ्या बॅटऱ्या चार, करमाळ्याच्या बाजारातून. सुतळी बाँबचे डबे, दिवाळीचे उरलेले, दुकानदाराकडून. काठ्यांना बांधायला घुंगरे. वाजवायला पत्र्याचे डबे, ते घरोघरचेच. कुऱ्हाडी दोन. भाल्याची पाती लोहाराकडून. एकाने वडिलांच्या वेळची, पीक राखण्यासाठी घेतलेली बंदूक माळ्यावर असल्याचे सांगितले आणि लगेच परवाना कधीच संपल्याचे आठवून म्हणाला, “ती लिहू नका गुरुजी.” मी खोडली.

उजेडाच्या कडेला एक म्हातारा पारधी बसला होता. त्याची पाले आमच्या शिवाराच्या टोकाला असतात. त्याला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी हाकललेही नव्हते. यादी वाचून झाल्यावर तो एवढेच म्हणाला, “समदं लिवलं गुरुजी. पर जनावर कुन्या वाटनं आलं, कुन्या वाटनं गेलं, त्ये कुनी बगितलंय का? त्याबिगार काय घ्याचं त्ये कसं ठरवनार?”

बैठकीत कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. मीही त्या वेळी दिले नाही. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस; मॅट्रिकच्या पुढची पायरी चढलेलो नाही, आणि इतिहासाचा पंडित तर मुळीच नव्हे. तरी त्यानंतर जे जुने-नवे हाती पडेल ते मी या एका प्रश्नासाठी वाचीत गेलो: आपल्या मुलखात शिकारीस निघणारा माणूस बरोबर काय घेत असे, आणि ते कशावरून ठरवीत असे?

करमाळ्याचा मुलूख म्हणजे मूळचा माळ. गुडघाभर कुसळी गवत, मधूनच बाभूळ-बोर, मुरमाड टेकाडे. येथली जनावरे काळवीट, लांडगा, खोकड, ससा. पक्ष्यांत तित्तिर, लावा आणि राजा म्हणावा असा माळढोक. या माळाच्या कडेला रावरंभा निंबाळकरांनी करमाळ्याचा भुईकोट बांधला आणि १७२७ साली कमलाभवानीचे देऊळ उभारले. देवळात शहाण्णव खांब आणि बारवेला शहाण्णव पायऱ्या, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. दसऱ्याला शस्त्रे पुजावीत आणि सीमोल्लंघन करावे, ही त्या काळच्या सरदारांची रीत. पाऊस सरलेला, नद्या उताराच्या झालेल्या, घोड्यांना गवत भरपूर. मोहिमेचा हंगाम आणि शिकारीचा हंगाम एकच होता, आणि हत्यारेही तीच होती.

परंतु हत्यारांपलीकडचा सरंजामही फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा ग्रंथ रचला. राजाने करावयाच्या करमणुकींत त्याने मृगयेला मोठी जागा दिली आहे. त्यात माणसाळवलेले हरीण पुढे सोडून रानटी हरणास भुलवून आणण्याची रीत आहे. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांमागे आपल्या शेजारच्या राजधानीत बसलेला राजा असे मानीत होता, की हरणाच्या शिकारीचे पहिले साधन दुसरे हरीण आहे. राजाही हरणाच्या ओढीवर विसंबून होता.

पुढे बंदूक आली. ती आल्याबरोबर सारे बदलले, असे आपल्याला वाटते. तसे झाले नाही. तोड्याची बंदूक ज्याने चालवली असेल त्याला ती मोठी नाठाळ वाटत असणार. सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुताची वात, तोच तोडा. तो सतत धुमसत ठेवावयाचा. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची, कानावर रंजक घालायची, आणि चाप ओढला की तोडा रंजकावर टेकायचा. दव पडले तर रंजक ओली, वारा सुटला तर ती उडून गेली. धुमसत्या तोड्याचा वास वाऱ्यावर पुढे गेला की जनावर आधीच पसार. एवढे जमून बार उडालाच, तर पुढची ठासणी होईपर्यंत जखमी जनावर अंगावर येण्यास पुष्कळ सवड. त्यामुळे शिकाऱ्याला वाऱ्याची दिशा पाहावी लागे, फार जवळ जावे लागे, आणि पहिल्या गोळीचाच विचार करावा लागे. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद. त्यांचा जीव वाघापासून वाचला तो, परंपरा सांगते, खंड्या नावाच्या त्यांच्या कुत्र्यामुळे. संगम माहुलीला कृष्णाकाठी या कुत्र्याची समाधी आहे. छत्रपतींच्या सरंजामात भाले, तलवारी, बंदुका काय कमी असतील? पण समाधी बांधली गेली ती नाकाने वाघ ओळखणाऱ्या मुक्या जनावराची.

माळावरच्या काळविटाची सगळ्यांत थाटाची शिकार चित्त्याची. ती कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही चाले. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणून पोसत. तिचा सरंजाम पाहण्यासारखा आहे. एक साधी बैलगाडी. गाडीवर चित्ता, त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी, गळ्यात पट्टा, शेजारी त्याचा राखणदार. गाडी कशासाठी, तर माळावरची काळविटे शेतकऱ्याच्या गाड्या रोज पाहतात. गाडीला ती बुजत नाहीत. कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. चित्ता वाऱ्यासारखा सुटतो, पण त्याचा दम तीन-चारशे यार्डांत संपतो. साधले तर साधले. न साधले तर काळवीट त्याचे आयुष्य घेऊन निघून जाते. साधले तर राखणदार धावत जाऊन लाकडी पळीत रक्त धरतो आणि चित्त्याला त्या पळीवर भुलवून शिकारीपासून सोडवतो. बैलगाडी, टोपी, पळी: कुठल्याही खेड्यातल्या सुताराने आणि चांभाराने करून द्याव्यात अशा तीन वस्तू. बाकी सगळे जनावराच्या स्वभावाचे ज्ञान. आणि हे चित्ते रानातून धरून आणणारे, त्यांना शिकवणारे कोण? तर चित्तेपारधी. चित्ते नखे घासायला ठराविक झाडांशी येतात, हे हेरून ते त्या झाडांभोवती फास मांडीत.

येथे त्या म्हाताऱ्याच्या पालाशी आपण परत आलो. ‘पारध’ हा शब्द संस्कृतातील ‘पापर्द्धि’पासून आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. शब्दात पाप आहेच. त्या शब्दावरून नाव पडलेल्या जातीच्या वाट्याला ते किती चिकटावे, हे मात्र पुढे सरकारने ठरवले. फासेपाऱ्याचा सरंजाम एका खांद्यावर मावतो. हरणासाठी तातीचे फास, ओळीने जमिनीत ठोकायच्या खुंट्यांना बांधलेले. हरणांची रोजची वाट पाहून तिच्यावर मांडायचे. तित्तिर-लाव्यांसाठी बांबूच्या कामट्यांना बांधलेले घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास. पिंजऱ्यात एक पाळलेला तित्तिर, दुसऱ्यांना साद घालण्यासाठी. गायपाऱ्याजवळ याखेरीज एक शिकवलेली गाय किंवा बैल. ते जनावर चरत चरत तिरपे तिरपे कळपाकडे सरकते आणि त्याच्या आडून माणूस पुढे जातो. माणूस दिसला तर हरीण पळते, गाय दिसली तर मान खाली घालून चरत राहते. ही बैलगाडीवरच्या चित्त्याचीच युक्ती. फक्त येथे गाडीही नाही आणि राजाही नाही.

कैलास मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रातील तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फासेपारधी फासांनी काळवीट आणि पक्षी धरतात. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकरे आणि घोरपडी मारतात. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर अशी लहान जनावरे धरतात. मुलूख एक, पण प्रत्येकाचे साधन निराळे, म्हणून जनावर निराळे. एकाचा दुसऱ्याच्या ताटात हात नाही. आणि फासेपाऱ्यांची रीत अशी, की फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यावयाचे. हे वाचून मी थांबलो. गोळी सोडल्यावर परत घेता येत नाही. फासात सापडलेले जनावर मात्र जिवंत असते. जवळ जाऊन ते पाहावे लागते, आणि पाहिल्यावर सोडता येते. साधन निवडतानाच या लोकांनी विचार बदलण्याची सोय ठेवली होती.

इंग्रज साहेबाने ही सोय घालवली. साहेबाला नियोजनाची मोठी हौस. थोर जनावरांच्या, विशेषतः वाघाच्या शिकारीसाठी तो हंगामाची अखेर निवडी, एप्रिल-मे. पाने गळून गेलेली, रान उघडे पडलेले, पाणवठे आटून एक-दोनच उरलेले; वाघ पाण्याशी येणारच. या शेवटच्या हंगामाचा सरंजाम वेगळा असे. डोक्यावर सोला टोपी, पाण्याच्या पखाली, तंबू, गाड्या, आमिषाला बांधायचे रेडे, मचाण बांधायला दोरखंड, हाका करायला शेकडो गावकरी. वाळक्या पानांवर पाऊल वाजू नये म्हणून जाणता शिकारी टाचेचे जड बूट टाकून रबरी तळव्याचे बूट घाली. कॉर्बेटसारखे शिकारी असेच करीत. एवढी समज साहेबालाही होती. पण त्याच सुमारास बंदूक झपाट्याने सुधारत गेली. मागून काडतूस भरण्याची सोय आली. शतक संपताना बिनधुराची दारू आली. पूर्वी बार उडाला की धुराच्या पडद्यामागे जनावर कोठे गेले ते कळत नसे, आता लगेच दुसरी गोळी सोडता येऊ लागली. मग मोटार आली, मोटारीचे दिवे आले.

१८७८च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयास बंदुकीला परवाना लागू लागला. गोऱ्या साहेबास त्यातून सूट होती. शिवाय १८७१ साली ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा आला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती हिंदुस्थानभर झाली. पारधी त्या यादीत गेले. काल जो फास चित्ता धरून राजाच्या दारी मान मिळवीत होता, तोच आता झडतीत सापडलेला पुरावा झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो भाग अजून ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. मुंबई राज्यात तो कायदा १९४९ साली आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. माणसे कागदावर मोकळी झाली. लोकांच्या नजरेतून अजून झालेली नाहीत.

त्याच काळाच्या आगेमागे चित्ताही संपला. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री मोटारीच्या दिव्यांत एकाच ठिकाणी तीन चित्ते मारले. हिंदुस्थानातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीची नोंद समजतात. १९५२ मध्ये देशातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. ज्या जनावराला तीन-चारशे यार्डांनंतर दम लागत असे, त्याच्यासमोर दम न लागणारे यंत्र उभे राहिले. २०२२च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोत सोडले, ते या रात्रीनंतर पाऊणशे वर्षांनी.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकारीचे हे सारे दुकान बंद झाले. ते व्हावयासच हवे होते. पण दुकानाबरोबर ज्ञानाचेही दार लागले. सोलापूरचेच मारुती चितमपल्ली, २०२५ साली गेले. वन खात्यात अधिकारी असूनही ते रानाची भाषा पारध्यांकडून आणि आदिवासींकडून शिकले, त्यांचे शब्द टिपून ठेवले. असे किती अधिकारी होते?

आता पुन्हा आमच्याकडे. १९८० साली भीमेवर उजनी धरण पुरे झाले. पाणी आले, तसा माळ हिरवा होत गेला. आधी ऊस, मग केळी. कंदरची केळी परदेशी जातात. आम्ही सुखावलो, आणि त्यात खोटे काही नाही. पाण्यासाठी वणवण केलेला मुलूख आहे हा. पण उसाचा फड म्हणजे वर्षभर उभे असलेले दाट, गार रान. मोकळ्या माळावर बिबट्याला लपण असे नव्हते. ते आम्ही मैल-मैल लावून दिले. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे राखीव जंगल नसताना, शेतांत आणि वस्त्यांत, शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले, आणि त्यांचे मोठे भक्ष्य होते गावची कुत्री. बिबटे पिंजऱ्यात धरून लांब नेऊन सोडण्याचा उपाय जुन्नर भागात या शतकाच्या सुरुवातीस झाला, तेव्हा माणसांवरचे हल्ले उलट वाढले, असे त्यांच्याच अभ्यासात दिसून आले.

तो डिसेंबर आम्हांला असा उजाडला. बिबट्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याकडून आला. तिकडेही माणसे गेली होती. आमच्या तालुक्यात थोड्या दिवसांत तिघे गेले, फुंदेवाडी, अंजनडोह आणि चिखलठाण या शिवारांत: एक पुरुष, एक बाई आणि ऊसतोड कामगाराची एक लहान मुलगी. मग सरकारी सरंजाम आला. पिंजरे, कॅमेरे, उडती ड्रोन, गुंगीच्या सुया मारणाऱ्या बंदुका आणि नेमबाज. दोनच वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यात अवनी नावाच्या वाघिणीसाठी याहून मोठा सरंजाम जमला होता. हत्ती होते, परदेशी जातीची कुत्री होती, आणि वाघिणीला भुलवण्यासाठी विलायती अत्तरसुद्धा होते. शेवटी २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळीच लागली आणि त्यावरून देशभर वाद झाला. आमच्याकडेही तसेच झाले. धरता आला नाही, तेव्हा कायद्याप्रमाणे ठार मारण्याची परवानगी निघाली आणि १८ डिसेंबर २०२० रोजी वांगी शिवारातल्या केळीच्या बागेत बिबट्या गोळीने पडला. आमच्या वाडीवर फटाके वाजले. यादीतले सुतळी बाँब त्या रात्री कामी आले.

मी फटाके वाजवणाऱ्यांना नावे ठेवीत नाही. पंधरा दिवस मुलांना परसाकडे सोडायचीही ज्यांना भीती होती, ते आणखी काय करणार? ज्यांच्या घरची मुलगी गेली, त्यांना काळविटाची आणि चित्त्याची गोष्ट सांगण्याचे धाडस माझ्यात नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याच्या पालावर गेलो आणि त्याला विचारले, “बाबा, तुम्ही असता तर काय घेतलं असतं?” तो हसला. म्हणाला, “आमी फास घिऊन गेलो आस्तो तर पोलिसांनी आमालाच धरलं आस्तं.” मग बोटांवर मोजून सांगू लागला. खाली वाकून काम करणारा माणूस बिबट्याला माणूस वाटतच नाही, शेळी वाटतो. म्हणून फडाच्या कडेला एकट्याने वाकू नये, लहान पोर तर मुळीच सोडू नये. खोपी फडाला लागून घालू नयेत. गोठा रात्री बंद पाहिजे. मेलेले ढोर उघड्यावर टाकू नये, त्यावर कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो. आणि रात्रीचे पाणी देऊ नये. “दिसा पानी द्या की,” तो म्हणाला, जणू ते आमच्या हातात होते.

२०२५च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बातम्या आल्या. तेथे बिबट्याच्या भीतीने माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली होती. छायाचित्र पाहून माझ्या छातीत चर्र झाले. असा पट्टा मी लहानपणी पाहिला आहे. लांडग्याने गळा धरू नये म्हणून धनगर तो आपल्या कुत्र्याला बांधीत. शाहू महाराजांच्या दारी कुत्र्याला समाधी मिळाली. आमच्या काळात कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला. शिकारीचा सरंजाम निवडता निवडता आम्ही सावजाचा सरंजाम निवडू लागलो.

ती यादी मी फाडून टाकली नाही. शाळेच्या खणात आहे. म्हाताऱ्याने सांगितलेले सारे मी तिच्याखाली लिहिले आणि उजवीकडचा रकानाही भरला. बंद गोठा: घरचा. खोपींची जागा: मुकादमाशी बोलून. मेलेली ढोरे पुरण्यास खड्डा: ग्रामपंचायत. पोरांना सोबत: शाळा, म्हणजे मीच. शेवटची ओळ आहे, ‘दिवसाची वीज’. तिच्यासमोरचा रकाना अजून कोराच आहे.